हलव्याची पट्टी

जिन्यात सात मुलं एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

दुपारचे दोन वाजले होते. माझ्या एका हातात बोरांची पिशवी, दुसऱ्या हातात उसाच्या करव्यांची, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर ही रांग. प्रत्येकाच्या उजव्या डोळ्यावर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी. प्रत्येकाचे हात नांग्यांसारखे वर. आणि सगळे आडवे आडवे चालत जिना उतरत होते. पहिला भिंतीला आपटला, त्याला दुसरा आपटला, दुसऱ्याला तिसरी, आणि हसण्याचा असा दंगा उठला की तळमजल्यावरचं एक दार उघडून पुन्हा बंद झालं.

रांगेच्या शेवटी माझी मुलगी उभी होती. कस्तुरी, वय पावणेपाच. सकाळी न्हायलेली, केस अजून मोकळे, आणि तिचे मात्र दोन्ही डोळे उघडे.

"कस्तू, ह्या पट्ट्या कुठल्या?"

"माझ्या."

"सगळ्या?"

"सगळ्यांना लावून बघायच्या होत्या."

"आणि डब्यात किती उरल्या?"

तिने ओजसकडे बघितलं. ओजस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वर्षाचा मुलगा, सहा वर्षांचा, इमारतीतल्या सगळ्या दंग्यांचा मुकादम.

"एक उरली होती," ओजस म्हणाला. "ती मांजराला लावली."

"पण ते पळालं," कस्तुरी म्हणाली. मांजराकडून तिची ही अपेक्षा नव्हती, असा तिचा सूर होता.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पण तो रिकामा डबा अजून आठवतो, कारण त्या पट्ट्या खेळणं नव्हत्या. जूनमध्ये शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं की कस्तुरीचा डावा डोळा काम करतच नाही. "आळशी डोळा," मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते. "डोळा चांगला आहे हो, पण उजवाच सगळं उरकतो, म्हणून डावा शिकतच नाही. रोज सहा तास उजवा झाका. मग डाव्याला शिकावंच लागेल. पण सहा-सात वर्षांच्या आत. पुढे मेंदू ऐकत नाही." ऑक्टोबरमध्ये परत गेलो तेव्हा डावा डोळा तक्त्याच्या दुसऱ्याच ओळीवर अडकलेला होता. "तास पूर्ण भरताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. "हो," मी म्हणाले. "मग जानेवारीत बघू. तेव्हाही फरक नसेल तर मात्र..." ते जानेवारीतलं बघणं दोन दिवसांवर आलं होतं, सोमवारी. आणि आज शनिवार, कस्तुरीचं शेवटचं बोरन्हाण.

डबा वीस पट्ट्यांचा होता, आणून आठ दिवस झाले होते. म्हणजे बारा उरायला हव्या होत्या. आठ ह्या वानरसेनेवर आणि मांजरावर गेल्या. चार कुठे गेल्या ते कळेना. मागचा डबाही असाच वेळेआधी संपला होता.

मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली आहे. त्यामुळे मी जी काळजी करायचे तिला निदान पुस्तकाचा आधार असायचा. पट्टी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात जिन्यात घोषणा सुरू झाल्या: "एकडोळी, एकडोळी, भिंत कुठे, दार कुठे!" आवाज ओजसचा, कोरस बाकीच्यांचा. कस्तुरी घरी येऊन जेवणाच्या टेबलाखाली बसायची, मुठीत चुरगाळलेली पट्टी घेऊन. मी तिला पुस्तकातलं सगळं सांगून पाहिलं. दुर्लक्ष कर. मोठ्यांना सांग. तू किती गोड आहेस. ती टेबलाखालून म्हणायची, "मी गोड आहे, पण ते चिडवतात." मग मी वर जाऊन वर्षाशी बोलले. "तुमच्या ओजसला जरा समजवा." वर्षा म्हणाली, "लहान आहेत हो, आज भांडतील उद्या खेळतील." मी म्हणाले, "प्रश्न माझ्या मुलीच्या डोळ्याचा आहे." त्यानंतर आमच्यात "पाणी आलं का?" आणि "गेलं का?" एवढंच बोलणं उरलं.

आणि दिवाळीच्या सुमाराला टीव्हीवर तिरपू आला.

तिरपू हा खेकडा. समुद्राखालच्या शाळेत जायचा. तिथे बाकी सगळे सरळ पोहायचे, हा आडवा चालायचा. तीन कोळंब्या त्याच्या मागे लागायच्या, "तिरपू, तिरपू, शाळा इकडे, तू निघालास तिकडे!" रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा. मी टीव्हीच्या विरुद्ध होते, पण अगदीच नाही म्हणता येईना, म्हणून शेजारी वही घेऊन बसायचे. त्या वहीत नोंदी आहेत. "भाग तीन. तिरपू रडतो. फार वेळ रडतो." "भाग पाच. कोळंब्या चिडवतात, शिक्षा कुणालाच नाही. शाळेत मास्तर बांगडा, पण तोही बघत बसतो." आठव्या भागात तिरपूने वाळूत तोंड खुपसलं नाही. तो थांबला, कोळंब्यांकडे वळला आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं म्हणाला, "चालून बघता?" कोळंब्यांनी चालून बघितलं. त्यांच्या पायांचा गुंता झाला. तो सोडवायला तिरपूच लागला.

मी वहीत लिहिलं, "जगात असं होत नाही."

दुसऱ्या दिवशी जिन्यातून ओजसचा आवाज आला, "एकडोळी, भिंत कुठे?" मी धावत दारापाशी गेले आणि फटीतून बघायला लागले. कस्तुरी एक पायरी उतरून थांबली. पट्टी काढायला तिचा हात वर गेला. पण ती वळली.

"लावून बघतोस?"

ओजसने तिची पट्टी जवळून बघितली. त्याचा कोरसही मागे गोळा झाला.

"दुखतं?" त्याने विचारलं.

"काढताना. थोडं."

त्याने चेहरा पुढे केला.

मी वहीतली ती ओळ खोडली. तरी पण पुढे आपलं एक प्रश्नचिन्ह ठेवलं.

तर त्या शनिवारी मुलांना घरी पिटाळून मी औषधाच्या दुकानात फोन लावला. "मॅडम, पट्ट्या पुण्याहून येतात. मंगळवारी मिळतील."

"मंगळवारी? त्याआधी नाहीच?"

"नाहीच."

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर माझे खांदे एकदम खाली आले. जणू सकाळपासून डोक्यावर घेतलेली पाण्याची कळशी कुणीतरी उतरवून घेतली.

कारण चार वाजता कोल्हापूरहून माईआत्या येणार होत्या. माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या आत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. माणसाकडे बघतानाही त्यांच्या हातात लाल पेन आहे असं वाटायचं. पट्टीचं त्यांना आम्ही कळवलंच नव्हतं. एका लग्नात दुसऱ्याच कुणाच्या चष्मेवाल्या बाळाकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे नव्हतं हो कुणाला असं डोळ्याचं." ते मी विसरले नव्हते.

कस्तुरी फ्रीजपाशी उभी होती. फ्रीजवर तिच्या तासांचा कागद होता, दिवसाला सहा चौकोन. आजचा एकच रंगवलेला होता. सकाळी न्हाऊ घालताना मी पट्टी काढली होती, ती काढलीच.

"पाच राहिले," ती म्हणाली.

"आज सुट्टी. आज सण ना आपला? सणाला सुट्टी असते."

"तिरपू सणाला सरळ चालतो?"

"चल," मी म्हणाले, "मुकुट घालून बघायचाय. चौगुलेकाकू वाट बघत असतील."

चौगुलेकाकू तळमजल्यावर राहायच्या. संक्रांत ते रथसप्तमी त्यांचं घर म्हणजे हलव्याच्या दागिन्यांचा कारखाना. आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो" म्हणायच्या, आणि खरंच एका दिवसात चार पुरुषांचं काम उपसायच्या. आम्ही गेलो तेव्हा जमिनीवर चादर पसरलेली, तिच्यावर परातीत पांढराशुभ्र काटेरी हलवा, बाजूला काळ्या मखमलीचे तुकडे, चंदेरी कागद, सुया, दोरे. मुकुट तयार होता. हार, बाजूबंद, कंबरपट्टा तयार होता.

"ये गं राणीसरकार," काकू म्हणाल्या. "डोकं इकडं आण."

मुकुट बसला. कस्तुरीने आरशात बघितलं, मान डावीकडे उजवीकडे केली आणि म्हणाली, "चौगुलेआजी, पट्टी पण करशील?"

"कसली पट्टी?"

"डोळ्याची. माझ्या संपल्या. माझे पाच तास राहिलेत."

"करतो की! मुकुट करतो, बाजूबंद करतो, पट्टीला काय धाड भरलीय?" काकूंनी मखमलीचा तुकडा उचललासुद्धा.

"काकू, नको," मी म्हणाले. "साखर डोळ्यात जाईल."

"आतनं मऊ सुती लावतो."

"काटे टोचतील."

"मधी मखमल आहे की."

"मुंग्या येतील."

"मुकुटाला येत न्हाईत, पट्टीलाच शोधत येतील होय?" कात्री चालायला लागली. पेल्याएवढा गोल कापला, त्याला कोपरे दिले, मागे सुती कापड टाकलं. काकूंचे हात एवढे भरभर चालत की बघणाऱ्याला दम लागावा.

"पण काकू, तेवढी मोठी काळी पट्टी... फोटोत..."

काकूंची सुई थांबली. "फोटोत काय?"

"काही नाही. फोटो झाले की लावू ना. एवढंच म्हणते मी."

"आई फोटोला काढतेच," कस्तुरी म्हणाली. तक्रार नव्हती. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं. ती परातीतला एकेक हलवा उचलून काकूंच्या हातात देत होती. "पाहुणे आले की काढते. देवळात काढते. रिक्षात समोर कुणी बसलं की काढते."

"अगं, तुला गरम होतं म्हणून..."

"मला नाही होत गरम."

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. ते बघितल्यापेक्षा वाईट होतं.

"पण मी परत लावते," कस्तुरी म्हणाली.

"परत? कधी?"

"तू काढलीस की मी ओजसकडे जाते. डब्यातली एक घेऊन. तो लावून देतो. त्याला सरळ लावता येते, तुझी तिरकी बसते."

"कधीपासून?"

"तिरपू आल्यापासून."

"आणि घरी येताना?"

"काढते आणि त्यांच्या कचऱ्यात टाकते. ओजसच्या आईला माहितीय. ती म्हणाली, तुझ्या आईला नको सांगू, ती घाबरते."

मी तिथेच पाटावर बसले. चार पट्ट्यांचा पत्ता लागला होता. मागच्या डब्याचाही लागला. तीन महिने मी खेकड्यावर नजर ठेवून होते, कोळंब्यांवर ठेवून होते, दाराच्या फटीतून ओजसवर ठेवून होते. आणि मिरजेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "हो" म्हणाले होते. एवढ्या पटकन म्हणाले होते की मला स्वतःलाही खरं वाटलं होतं.

"तुला पट्टी आवडत नाही ना?" कस्तुरीने विचारलं. कारल्याची भाजी आवडत नाही ना, ह्याच सुरात.

"तसं नाही गं. मला वाटतं, लोक तुला..."

"लोक मला विचारतात. मी सांगते."

काकूंनी दाताने दोरा तोडला. "झाली!" काळी मखमल, तिच्यावर कडेने चंदेरी कागदाची बारीक झालर, आणि मधे पांढऱ्या हलव्याचं आठ पाकळ्यांचं फूल. बांधायला काळी फीत. मुकुटापेक्षा सुंदर झाली होती. कस्तुरीने ती दोन्ही हातांत धरली, उलटी केली, सुलटी केली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"लावून बघतेस?"

मी मान खाली केली. तिने फीत मागे नेऊन काहीतरी गाठ मारली, त्यात माझे चार केसही बांधले गेले. मी उठले, आणि नीट उठता यावं म्हणून ज्या स्टुलाचा आधार घेतला ते स्टूल माझ्या समजुतीपेक्षा वीतभर लांब होतं. माझा हात हवेत गेला, तिथून परातीच्या कडेवर आला, आणि परात उलटी झाली.

अर्धा किलो हलवा चौगुलेकाकूंच्या घरभर पसरला. दिवाणाखाली, देवघराखाली, काकूंच्या चपलांत.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या, आणि एवढ्या हसायला लागल्या की त्यांना चादरीवर आडवंच व्हावं लागलं. कस्तुरी रांगत हलवा गोळा करायला लागली. मीही रांगायला लागले, पण ज्या दाण्यावर हात ठेवावा तो दाणा दुसरीकडेच असायचा. माझा चेहरा बघून कस्तुरीला हसू आवरेना. मग मलाही आवरेना. पदराला, कोपरांना, गुडघ्यांना हलवा चिकटलेला.

"आई, आडवी चाल! तिरपूसारखी! आडवं चाललं की आपटत नाही!"

"अशी?"

"हात वर!"

मी हात वर केले. नांग्या केल्या. आणि आडवी आडवी चालत, "तिरपू, तिरपू, शाळा इकडे" म्हणत दारापर्यंत गेले.

दारात माईआत्या उभ्या होत्या. हातात बॅग.

"वर कुलूप आहे," त्या म्हणाल्या. "इथे आवाज ऐकला." मग वाकून माझ्याकडे नीट बघितलं. "कोण? मानसी?"

"हो."

"हे काय सोंग?"

सहा महिने मी वाक्यं तयार ठेवली होती. डोळे आलेत हो. धूळ गेली. डास चावला. एकही आठवलं नाही. पट्टीवरचा एक हलवा सुटून टपकन खाली पडला.

"माईआत्या, कस्तुरीला डाव्या डोळ्याने कमी दिसतं. अशी पट्टी रोज सहा तास उजव्या डोळ्यावर लावावी लागते. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आजही सांगणार नव्हते." एका दमात बोलले. आणि तोंड सुटलंच होतं म्हणून पुढेही गेले. "लावून बघता?"

चौगुलेकाकू चादरीवरून उठून बसल्या. कस्तुरी माझ्या साडीमागून डोकावली. आत्यांनी बॅग खाली ठेवली.

"मला नको," त्या म्हणाल्या. "माझी लावून झालीय."

"म्हणजे?"

"दसऱ्याला मोतीबिंदू काढला. पट्टी, मग महिनाभर काळा चष्मा. कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर सगळे फळं घेऊन आला असतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला असतात."

"तुम्हाला कुणी चिडवलं?" कस्तुरी पुढे आली.

आत्यांनी जरा आजूबाजूला बघितलं. "दूधवाल्याने. म्हणाला, माई, सिनेमात चाललात काय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? दूध घेतलं आणि आत गेले. मग आठ दिवस पिशवी दारालाच अडकवून ठेवली."

कस्तुरीने त्यांचा हात धरला. "पुढच्या वेळी म्हणा, घालून बघतोस?"

"दुसरा डोळा मार्चमध्ये आहे," आत्या गंभीरपणे म्हणाल्या. "बघते म्हणून."

पाच वाजता आमच्या हॉलमध्ये पाट मांडला. काळा फ्रॉक, त्यावर हार, बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट आणि उजव्या डोळ्यावर हलव्याची पट्टी घालून कस्तुरी पाटावर बसली. बाकीच्या सात जणांनी आपापल्या पट्ट्या काढायला साफ नकार दिला होता. सुहास ऑफिसमधून लवकर आला, कॅमेरा काढला आणि नुसताच उभा राहिला. "सगळ्यांना एकदम काय झालं?"

"तू फोटो काढ," आत्या म्हणाल्या. तो फोटो अजून आमच्याकडे आहे. आठ मुलं आणि आठ डोळे.

औक्षण झालं. मी, आत्या, चौगुलेकाकू, वर्षा आणि वर्षाच्या सासूबाई, अशा पाच जणींनी मापं भरून घेतली: बोरं, करवे, चुरमुरे, हलवा, लिमलेटच्या गोळ्या. वर्षाला मी वर जाऊन बोलावून आणलं होतं. दारात तिने सवयीने विचारलं, "पाणी गेलं का?" मी म्हणाले, "पाणी जाऊ दे. पट्टी सरळ कशी लावतात ते मला शिकव." ती चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायातच होत्या.

आणि मग बोरांचा पाऊस. मुकुटावर, खांद्यांवर, ओंजळीत, जमिनीवर. मुलांनी झडप घातली आणि एकच गोंधळ उडाला, कारण एकालाही अंतर कळेना. ओजसने बोर समजून दोनदा आत्यांच्या पायाचा अंगठा धरला. कुणाच्या मुठीत हवा, कुणाच्या मुठीत दुसऱ्याची मूठ. आत्या "सोड रे, सोड!" म्हणत नाचत होत्या.

कस्तुरी मात्र पाटावर बसून शांतपणे वेचत होती. बोर, गोळी, चुरमुरा. मग हलवा. तिळाएवढा एकेक दाणा, पांढऱ्या फरशीवरचा पांढरा. हात सरळ जायचा, दाणा उचलायचा, तोंडात टाकायचा.

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. जूनमध्ये पट्टी लावली की तिला ताटातला लाडू सापडायचा नाही. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिने मान वर केली. तो डावा डोळा, मिरजेला दुसऱ्या ओळीवर अडकलेला, माझ्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. बारीक झाला. मोठा झाला.

"आई!" ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली. "तुला मिशी आहे!"

मुलं थांबली. बायका थांबल्या. सुहास कॅमेऱ्याचं झाकण शोधायला लागला. वर्षाने पदर तोंडाला लावला.

"कस्तुरी!" आत्या कडाडल्या. "असं बोलतात आईला?"

"थांबा हो आत्या!" मी त्यांच्यावरच ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "कस्तू, काय म्हणालीस? कुठे?"

"इथे." तिने स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. "बारीक बारीक. डावीकडे जास्त आहे."

"वर्षा, पट्टीला फट आहे का बघ! कडेने बघत असेल!"

वर्षा धावली. खाली बसून तिने चारही बाजूंनी बोट फिरवलं. "नाही, घट्ट आहे. अजिबात फट नाही!"

मी गुडघ्यांवरच एक हात मागे सरकले. "आता?"

"दिसते."

मी ओठावर हात ठेवला. "आता?"

"आता हात आहे!"

"लाइट लावा!" मी म्हणाले. "सगळे लावा!" ट्यूबलाइट लागली, बल्ब लागला, चौगुलेकाकूंनी देवघरातली समईसुद्धा उचलून आणली आणि माझ्या नाकाखाली धरली. मी उभी राहिले. पुन्हा खाली वाकले, तिच्या डोळ्यांच्या रेषेत आले, पाऊलभर मागे सरले. "आता?"

"दिसते!"

"आहे का पण खरंच?" वर्षाच्या सासूबाईंनी हळूच विचारलं. आत्यांनी चष्मा चढवला, जवळ आल्या, लाल पेन घेतल्यासारखं बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या. "डावीकडे जास्त आहे. बरोबर आहे मुलीचं."

आणखी एक पाऊल. "आता?"

"दिसते!" ह्या वेळी सगळी मुलं एकदम ओरडली, आणि आत्यांनी त्यांना गप्प केलं. "तुम्हाला नाही विचारलं. तिलाच बोलू दे."

आणखी एक. कस्तुरीने मान पुढे काढली. मुकुट घसरला, तिने तो सावरला. डावा डोळा बारीक केला, उघडला, पुन्हा बारीक केला.

"आता नाही दिसत," ती म्हणाली.

क्रिकेटमध्ये झेल सुटल्यावर होतं तसं "अरेरे" झालं. सुहास आतून मोजायची टेप घेऊन आला. टेप दोनदा सुटून गुंडाळली गेली. "मागचं पाऊल, मागचं," तो म्हणत होता. "जिथे दिसली तिथलं धरायचं. मानसी, पुढे ये. सोमवारी डॉक्टरांना सांगू. सव्वातीन... नाही, साडेतीन फूट! थांब, पुन्हा एकदा मोजतो. कस्तू, तू बघत राहा."

"बघतेय."

"हलू नकोस गं मानसी," आत्या म्हणाल्या.

आणि मी, ट्यूबलाइटखाली, अर्ध्या इमारतीसमोर, वरचा ओठ होता होईल तेवढा पुढे काढून उभी राहिले.